कानावरची खूण

सरकारनं उमाजीला काहीच विचारलं नव्हतं. जे सांगितलं ते त्यानं आपण होऊन, गळ्यात हार घालून, लाउडस्पीकरवरून सांगितलं होतं.

दुष्काळात भोवतालच्या वाड्यांवरची मेंढरं चाऱ्यावाचून मेली, तेव्हा उमाजीनं आपला कळप वेळीच गोदावरीच्या काठाकाठानं खाली हलवला आणि वाचवला. एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. पुढं पाऊस पडला, बकऱ्यांचे भाव चढले, परभणीच्या स्टेशनातून त्याचा माल हैदराबादला जाऊ लागला, मानवतच्या पेठेत लोकर-घोंगड्यांचं दुकान निघालं आणि वाडीतला पहिला स्लॅब उमाजीच्या घरावर पडला. शाळेला खोली बांधून दिली म्हणून लोकांनी सत्कार ठेवला. तिथं उमाजी बोलायला उभा राहिला तो खाली बसेचना.

"आमचं खटलं एक हाय," तो म्हणाला. "तीन भावांचा पसारा, पण चूल एक, देव एक, कळप एक अन् कारभारी एक."

कारभारी कोण ते त्यानं सांगितलं नाही, नुसता फेटा नीट केला. परभणीच्या एका साप्ताहिकानं ते भाषण फोटोसकट छापलं. उमाजीनं अंकाचा गठ्ठाच विकत घेतला आणि पाव्हण्यारावळ्यांना वाटला. एक अंक मात्र इन्कम टॅक्सच्या साहेबानं स्वतःच्या पैशानं घेतला होता.

खरं म्हणजे त्या घरात म्हातारी आई गेल्यापासून चुली तीन होत्या. उमाजीची आणि म्हाळसाबाईची स्लॅबखाली. धाकट्या रायभानची पलीकडच्या सोप्यात. तो थोरल्या भावाशी दोन वर्षांपासून मेंढरांपलीकडचं काही बोलत नव्हता. आणि मागच्या खणात मधल्या सटवाजीची विधवा बानूबाई आणि तिची लेक धुरपता. सटवाजी दुष्काळाच्या आदल्या साली काविळीनं गेला, मुलगा नव्हता. बानूबाईनं दोनदा वाटा मागितला होता. तोही समोर येऊन नव्हे, कारण भासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही अशी त्या घरची रीत. लग्न होऊन वीस वर्षं झाली तरी ती उमाजीशी एक शब्द बोललेली नव्हती. तिचं म्हणणं म्हाळसाबाईच्या तोंडून इकडं यायचं, उमाजीचं उत्तर म्हाळसाबाईच्या तोंडून तिकडं जायचं, आणि वाटेत म्हाळसाबाई आपल्या पदरचं मीठ घालायची. दोन्ही वेळा उत्तर एकच गेलं होतं: "एकत्र खटल्यात वाटा कसला मागती? अन् घेऊन देती कुणाला?"

पदरच्या मिठासकट ते बानूबाईला चांगलंच झोंबलं होतं. मीठमिरचीसाठीसुद्धा तिला म्हाळसाबाईच्या दारात उभं राहावं लागे, आणि म्हाळसाबाई चटकन उठत नसे.

अशा घरात इन्कम टॅक्सची नोटीस आली. उमाजी निजामाच्या अमदानीत चार इयत्ता उर्दू शिकलेला. त्यानं कागद उलटसुलट पाहिला, खाली मोहर आहे एवढी खात्री करून घेतली आणि परभणीची एस. टी. धरली.

स्टेशन रोडवर दिनकरराव वकिलांचं ऑफिस होतं. दिनकरराव डोळे मिटून ऐकत. पक्षकाराला वाटे, साहेब विचार करतायत. आणि कधी कधी ते करतही असत.

"उमाजीराव, तुम्ही एकत्र कुटुंब आहात?"

"अलबत. सारा जिल्हा जाणतोय."

"मग कळप, हैदराबादचा माल, पेठेतलं दुकान, सगळ्याची बेरीज होणार आणि एका कुटुंबावर टॅक्स बसणार. मागच्या सालांचासुद्धा. वर दंड."

उमाजीनं खुर्ची जरा पुढं ओढली.

"अन् एकत्र नसलो तर?"

"तर तीन घरं, तीन उत्पन्नं. प्रत्येकाच्या वाट्याला थोडंथोडं. त्यातलं बरंचसं माफीतच बसेल."

"मंग आमी एकत्र न्हाई."

"आत्ताच म्हणालात, सारा जिल्हा जाणतो."

"जिल्ह्याला काय साहेब, आपण सांगावं ते जाणतो."

वकिलांनी एक डोळा उघडला. माणूस कामाचा दिसत होता. "वाटेकरी कोण कोण?"

"मी अन् धाकटा. मधला वारला."

"त्याच्यामागं?"

"कुणी न्हाई," उमाजी म्हणाला. मग म्हणाला, "बायको हाय. अन् पोरगी."

आता दिनकररावांचे दोन्ही डोळे उघडले. "कोणी नाही काय म्हणता? ती बाई म्हणजे तिसरा वाटा. तिच्याशिवाय तुमचं उत्पन्न दोनातच फुटतं आणि माफीची हद्द ओलांडतं. तुमच्या सगळ्या खटल्यात मोलाचं माणूस कोण असेल तर ती."

मागच्या खणातल्या बाईबद्दल असं काही उमाजीनं आजवर ऐकलं नव्हतं. त्याला ते जरा टोचलं, पण फी देऊन मिळालेला सल्ला असल्यामुळं त्यानं मान हलवली.

"इन्स्पेक्टर पाहायला येईल," वकील म्हणाले. "दुष्काळाच्या आधीच वाटणी झाली असं आपण म्हणणार. ती त्याला दिसली पाहिजे. मेंढरं कोणाची कोणती, हे तुम्ही ओळखता कशावरून?"

"कानावरून. कानाला चीर असती. ज्याची त्याची निराळी."

"आणि तुमच्या सगळ्या कळपाला?"

"एकच. बापजाद्याची. डाव्या कानाचं टोक छाटलेलं."

"मग तीन खुणा करा. नाहीतर इन्स्पेक्टर म्हणेल, कान एक तर कुटुंब एक."

उमाजी घुटमळला. "साहेब, आमच्यात कान दिला म्हंजे दिला असतोय."

त्यात खोटं काहीच नव्हतं. त्या वाडीवर घरातला वडीलधारा आपल्या हातानं कान कापतो, भंडारा उधळतो आणि भाऊकीसमोर मोठ्यानं सांगतो, हे अमक्याचं. त्यानंतर ते मेंढरू दहा कळपांत मिसळलं तरी ओळखून परत येतं. दिलेला कान जो नाकारतो त्याच्या शेजारी कोणी कळप बसवत नाही, त्याच्या हाताला हात लावून कोणी मेंढरांची वाघर, म्हणजे दोरीची जाळी, ठोकू लागत नाही. त्या रानात कागदाला कधीच कोणी विचारलं नव्हतं, कानालाच विचारत.

दिनकरराव हसले. "उमाजीराव, मेंढीचा कान म्हणजे काही रजिस्टर केलेला दस्तऐवज नव्हे. काम झालं की पुन्हा एक करा. कायदा कानाकडं बघत नाही."

"पर इन्स्पेक्टर बगतोय."

"तो बघतो. कायदा बघत नाही."

हे उमाजीला फार पटलं. एवढ्या शिकलेल्या माणसानं कायदा कुठं बघतो आणि कुठं बघत नाही हे सांगितल्यावर बापजाद्यांचं काय घेऊन बसायचं? तो उठला तेव्हा वकिलांनी आठवण केली, "फीचं नंतर पाहू. तूर्त दोन चांगली घोंगडी पाठवून द्या, पावसाळा तोंडावर आलाय."

दुसऱ्या दिवशी उमाजीनं सगळ्यांना ओसरीवर बोलावलं. तो स्वतः बाजेवर, रायभान खांबाला टेकून, म्हाळसाबाई उंबऱ्यावर आणि बानूबाई दाराआड. तिच्या हातातल्या चांदीच्या कड्यांच्या आवाजावरूनच ती आहे हे कळत होतं.

"वाटणी करायची हाय," उमाजी म्हणाला.

रायभाननं आपली मान उचलली.

"खरी न्हाई. सरकारापुरती. वरवरची."

"वरवरची म्हंजे किती वर, दादा?"

"साहेब येऊन जाईस्तोवर."

"अन् मंग?"

"मंग हाय तसंच. कळप एक, कारभार एक."

"म्हंजे साहेब हाय तोवर मी मालक, अन् साहेब गेला की गडी," रायभान म्हणाला. आवाज शांत होता. "हैदराबादच्या मालाचं बी आसंच झालं हुतं. माल मी चढवला, पैसं तुमी मोजलं."

"तुला आडतीतलं काय ते देतो," उमाजी घाईनं म्हणाला. रायभान पुन्हा खांबाला टेकला. दोन वर्षांत एवढं बोलणं त्या दोघांत झालं नव्हतं; एकमेकांपासून वेगळे आहोत हे ठरवायला त्यांना एकत्र बसावं लागलं होतं.

राहिली बानूबाई. उमाजीनं म्हाळसाबाईकडं पाहिलं. "तिला सांग, साहेबानं इचारलं तर वाटा मिळाला म्हून सांगायचं. दुष्काळाच्या आधी."

दाराआडची बाई हातभर अंतरावर होती आणि तिचे कान शाबूत होते, तरी म्हाळसाबाईनं मागं वळून सगळं पुन्हा सांगितलं.

"आक्का, त्यास्नी इचारा," आतून आवाज आला, "वाटा केवडा मिळाला म्हून सांगायचं?"

"ती म्हणायलीय, वाटा केवडा?"

"तिला सांग, तिसरा. बरोबरीचा."

"आक्का, इचारा, कान कोण देनार? ते सवता का दुसरं कुणी?"

"मीच," उमाजी छाती काढून म्हणाला. "वडीलधारा मीच हाय. दुसरं कोण देनार?"

"भाऊकीसमोर? भंडारा टाकून?"

"समदं रीतीनं. साहेबाला खोटं वाटाया नको."

मग बानूबाई म्हणाली, "आक्का, सांगा, माजी ना न्हाई."

उमाजीला आपल्या समजावण्याच्या हातोटीचं कौतुक वाटलं. दोनदा नाही म्हणून पाठवलेली बाई एका बैठकीत कशी मार्गावर आणली. म्हाळसाबाईनं मात्र जावेकडं जरा निरखून पाहिलं. वीस वर्षं भांडण्यात काढलेली बायको समोरचीला ओळखून असते.

ज्येष्ठातला चांगला वार पाहून कान द्यायचं ठरलं. आदल्या सायंकाळी उमाजी एकटाच खंडोबाच्या देवळात गेला, नारळ फोडला आणि देवाला हळू आवाजात समजावून सांगितलं. "देवा, उद्याचं खरं न्हाई. सरकारासाठी हाय. तू ध्यानात घेऊ नको." देव काही बोलला नाही, त्याचा अर्थ उमाजीनं सोयीचा लावला.

आणि मग मात्र त्यानं कसर ठेवली नाही. खोटं काम का असेना, उमाजीच्या हातून ते झोकातच व्हायचं. सगळी भाऊकी बोलावली. ढोल वाजवला. भंडारा मुठीमुठीनं उधळला, शेळ्यामेंढ्यांसकट सगळे पिवळे झाले. तो कान हातात धरे, चाकू फिरवे आणि ओरडे, "हे रायभानचं. हे माजं. हे बानूबाईचं." वकिलांनी बजावलं होतं की विधवेचा वाटा किडका दिसला तर साहेबाला संशय येतो. म्हणून बानूबाईच्या वाट्याला उमाजीनं निवडून निवडून तरण्या मेंढ्या घातल्या, जुळी देणाऱ्या, दाट लोकरीच्या. पुन्हा आपल्याकडंच यायच्यात तर हात आखडायचा कशाला? लोक म्हणू लागले, असा भासरा पाहिला नाही. उमाजीलाही हळूहळू तसंच वाटू लागलं. दुपारपर्यंत तो स्वतःच्या दानतीनं इतका भारावला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी खरं होतं.

मग पंगत बसली. दुष्काळाच्या आधी वाटणी झाल्याचं सुरुवातीला कोणालाच आठवत नव्हतं, पण मटणाचं दुसरं वाढप फिरलं तसं एकेकाला लख्ख आठवायला लागलं. आश्रुबा नावाच्या चुलत्याला तर त्या दिवशी पडलेलं ऊन आणि जेवणातलं तिखटसुद्धा आठवलं. तो तेच तिखट आत्ता खात होता, हा भाग वेगळा.

अडचण एकच राहिली. वाटणी जुनी आणि कान ताजे. मेंढरांच्या कानांवर खपल्या धरल्या होत्या, माश्या बसत होत्या, आणि इन्स्पेक्टरची तारीख तर येऊन ठेपली. उमाजी पुन्हा परभणीला धावला. दिनकररावांनी शांतपणे अर्ज लिहिला: पक्षकाराच्या घरात आजारपण असल्यामुळे पुढील तारीख मिळावी. अर्ज मंजूर झाला. धुरपतानं आणि बानूबाईनं रोज हळद-तेल लावून ते आजारपण बरं केलं. इतर दोन वाट्यांच्या मानानं बानूबाईच्या मेंढ्यांचे कान लवकर भरून आले, याचंही उमाजीला कौतुकच वाटलं.

इन्स्पेक्टर श्रावणात आला. त्याआधी रायभाननं दारावरची पाटी काढून मागच्या अंगणात टाकली. पाटीवर तांबड्या अक्षरांत रंगवलेलं होतं: उमाजी आणि बंधू, एकत्र कुटुंब. इन्स्पेक्टर तरुण होता, नाकाला रुमाल लावून चिखलातून आला. मेंढरू त्यानं आजवर ताटातच पाहिलेलं असावं, आणि श्रावणामुळं ताटातही नव्हतं. त्यानं तिन्ही चुली पाहिल्या, तिन्ही वाघरी पाहिल्या, चार मेंढ्यांचे कान धरून पाहिले. आश्रुबा चुलत्यानं त्याला उन्हाबद्दल आणि तिखटाबद्दल सांगितलं. मग इन्स्पेक्टर म्हणाला, "त्या विधवा बाईंशी बोलायचंय."

म्हाळसाबाई पुढं झाली. "मला सांगा, मी तिला सांगते."

"तुम्ही नको. त्यांचं त्यांना बोलू द्या."

बानूबाई पदर पुढं ओढून दाराबाहेर आली. उमाजीनं उगाच फेटा नीट केला. दोनदा नाकारलेली बाई. तिनं नुसतं म्हटलं की साहेब, हे सगळं तुमच्यासाठी रंगवलंय, की वीस पिढ्यांची अब्रू, स्लॅब आणि दुकान एका दमात जाणार. आपण हिच्याशी कधी बरं वागलो होतो का, हे तो आठवू लागला आणि एकही प्रसंग सापडेना.

"ही मेंढरं तुमची?"

"माजी हाईत."

"कोणी दिली?"

"भावजींनी. भाऊकीसमोर, आपल्या हातानं कान दिला."

"यांच्यावर उमाजीरावांचा काही हक्क?"

बानूबाईनं पदराआडून पहिल्यांदाच उमाजीकडं पाहिलं. "त्यास्नीच इचारा."

इन्स्पेक्टर वळला. उमाजी घाईघाईनं म्हणाला, "न्हाई साहेब. माजा काय हक्क? एक केस बी न्हाई. लिवून घ्या."

इन्स्पेक्टरनं लिहून घेतलं. उमाजीनं खाली दस्तखत केलं, साक्षीला रायभाननं केलं, आणि आश्रुबानं कोणी न सांगता अंगठा उठवला. साहेब गेल्यावर उमाजी बाजेवर आडवा झाला आणि म्हाळसाबाईला म्हणाला, "बाई कामाची निघाली."

"व्हय," म्हाळसाबाई म्हणाली. "लय कामाची हाय."

दसऱ्याच्या सुमाराला हुकूम आला. वाटणी मान्य, कुटुंब विभक्त, दंड रद्द. उमाजीनं परभणीत पेढे वाटले, दिनकररावांना आणखी घोंगडी नेऊन दिली आणि एस. टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगितलं की सरकारला असं नमवावं लागतं.

दिवाळी झाली. मेंढरं रानाला काढायचे दिवस आले. दरसाल उमाजी सांगे त्या दिशेनं सगळा कळप निघायचा. त्यानं म्हाळसाबाईला सांगितलं, "तिला म्हणावं, वाघरी सोडा. कळप एक करा. निघायचं हाय."

म्हाळसाबाई मागच्या खणात गेली आणि परत आली. यावेळी तिनं वाटेत मीठ घातलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं.

"ती म्हणायलीय, तिची मेंढरं औंदा पूर्णेकडं जानार हाईत. गडी लावलाय. धुरपता बी संगं हाय."

"तिची म्हंजे?"

"ज्यांला तुमी कान दिला ती."

उमाजीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. मग त्यानं रायभानला हाक मारली. "रायभान, सांग तिला. सरकारापुरतं ठरलं हुतं."

रायभान दोरी वळत होता. "ठरलं हुतं खरं. पर दादा, माजी बी मेंढरं सध्या वायलीच ऱ्हाऊ द्या. दुकानाचं बी बगू एकदा. तुमी साहेबाला तिसरा हिस्सा लिवून दिलाय."

"तू बी?"

"साहेब येऊन गेला, पर मालक म्हून लय बरं वाटलं," रायभान म्हणाला. पुढच्या फेऱ्याला दोरीचं टोक पायाच्या अंगठ्यात धरून त्यानं काम चालू ठेवलं.

उमाजीनं शेवटची आशा म्हणून बायकोकडं पाहिलं. वीस वर्षं ती त्या खणाकडं बघून बोटं मोडत आली होती. म्हाळसाबाई म्हणाली, "द्या तिचं तिला. मिठासाठी दारात हुबी ऱ्हायची, मला का ते बगाया बरं वाटत हुतं? तुमीच म्हणायचे, हिशेबात ठेव. वाईट मी झाले."

हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं.

उमाजी परभणीला गेला तो संतापानं लालबुंद होऊन. दिनकररावांच्या खुर्चीच्या पाठीवर त्याचीच घोंगडी पडली होती. "वकीलसाहेब, दावा लावायचा. भावजयीवर. माजी मेंढरं दाबून बसलीय."

दिनकररावांनी डोळे मिटले नाहीत, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. "उमाजीराव, वाटणी खरी आहे हे मीच सिद्ध केलंय. तुमचं बयान आहे, सहीचं. एक केसही माझा नाही, असं लिहिलंय त्यात. आता कोर्टात काय सांगू? की त्या वेळी आपण खोटं बोललो? मग टॅक्स परत, दंड दुप्पट, आणि आपण दोघंही आत."

"तुमीच म्हणाले हुते, कायदा कानाकडं बगत न्हाई."

"नाहीच बघत. पण हुकुमाकडं बघतो. आणि हुकुमात तुमच्या कानांचं सविस्तर वर्णन आहे." वकिलांनी जरा खाकरून घेतलं. "शिवाय दुसरी एक अडचण आहे. तुम्ही दावा लावलाच तर मला त्या बाजूनं उभं राहावं लागेल. बानूबाईंचं वकीलपत्र मी घेतलंय."

"कवा?"

"दसऱ्याआधीच. लेकीला घेऊन आल्या होत्या. फीचं बकरू एस. टी.च्या टपावरून आणलं, कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं म्हणे. बाई व्यवहाराला चोख आहेत." दिनकररावांच्या आवाजात खरोखरचा आदर होता. "आगाऊ फी देणारा पक्षकार मला फार वर्षांनी भेटला."

उमाजी जिना उतरला. परतीच्या एस. टी.त तो शेजारच्या माणसाशी काही बोलला नाही.

कळप हलायच्या आधी त्या सालच्या कोकरांना कान द्यायची रीत होती, आणि ते काम वडीलधाऱ्याचं. भाऊकी जमली. तीच माणसं, ज्येष्ठात मटण जेवलेली. आश्रुबा चुलता तर पहिल्याच रांगेत होता. उमाजीनं आपली कोकरं केली, रायभानची केली. मग धुरपता मागच्या अंगणातल्या कुंपणातून एक कोकरू उचलून घेऊन आली. त्या कुंपणाला दार म्हणून एक फळी बांधली होती. उमाजीनं ती ओळखली. पाटीचं तोंड आतल्या बाजूला होतं, त्यामुळं एकत्र कुटुंब आता फक्त कोकरांना दिसत होतं.

कोकरू त्याच्या मांडीवर आलं. हात दुखतो म्हणून चाकू खाली ठेवता आला असता. सगळ्यांसमोर सांगता आलं असतं की ज्येष्ठातला कान खोटा होता, भंडारा खोटा होता, देवालासुद्धा तशी कल्पना दिलेली होती. त्यानं तोंड उघडलंही. पण समोर बसलेल्यांतलं कोणी त्यानंतर त्याच्या शेजारी वाघर ठोकणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे, ते बरोबरच करतील हेही ठाऊक होतं. त्याला फार लाज वाटली. लहानपणी बाप कान द्यायचा तेव्हा कोकरू धरायचं काम सटवाजीचं असे. कोकराला दुखू नये म्हणून तो त्याच्या डोळ्यांवर आपला हात ठेवायचा. धुरपतानं आत्ता तसाच ठेवला होता, बापाकडून शिकलेली असणार. सटवाजीच्या माघारी आज पहिल्यांदा उमाजीला भाऊ गेल्याचं दुःख झालं.

रीतीप्रमाणं विचारावंच लागतं. "कुणाचं?"

म्हाळसाबाई सवयीनं उत्तराला उठली, पण दारातूनच आवाज आला.

"माजं, भावजी."

बानूबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. वीस वर्षांत ती त्याच्याशी बोललेली ही पहिली गोष्ट. उमाजीनं कान धरला, उजव्या बाजूनं चीर दिली, चिमूटभर हळद लावली.

"हे बानूबाईचं," तो पुटपुटला.

"ऐकाया आलं न्हाई, दादा," मागून रायभान म्हणाला.

उमाजीनं खाकरून गळा मोकळा केला, फेटा नीट केला, आणि सत्काराच्या दिवशी बोलला होता तेवढ्या मोठ्यानं पुन्हा म्हणाला, "हे बानूबाईचं." मग धुरपतानं दुसरं कोकरू त्याच्या मांडीवर ठेवलं.